बाळंतिणीच्या खोलीतली ओल

बीबी गावात कुणाची बाळंतीण दवाखान्यातून घरी आली, की पहिलं बोलावणं शालूबाईंना जायचं. बाळाला तेल चोळून पायांवर न्हाऊ घालणं, बाळंतिणीची पाठ-कंबर रगडणं, शेक देणं, धुरी देणं, हे सगळं गावानं कधीचंच त्यांच्यावर सोपवून टाकलेलं. घरची शेती होती, पंजाबरावांसारखा शांत नवरा होता, खाऊनपिऊन सुख होतं. हे काम त्या हौसेनं करायच्या. सासूच्या हाताखाली शिकलेल्या. गावातली निम्मी पोरं आपल्या पायांवर आंघोळ करून मोठी झाली असं त्या म्हणायच्या, आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

त्यांचा एक शब्द मात्र कुणी मोडायचा नाही. बाळंतिणीच्या खोलीत वारा शिरता कामा नये. खिडकीला पोतं, दाराला गोधडी, कोपऱ्यात निखाऱ्यांची शेगडी. "वारं बाधते बाई. एकदा हाडात शिरलं का जन्मभर निंघत नाई," असं त्या सांगायच्या आणि समोरच्या सासवा-सुना मान हलवायच्या.

अशा बाईची स्वतःची लेक बाळंतपणाला आल्यावर मग विचारायलाच नको.

पूनमला मेहकरला दिलेलं. जावई ज्ञानेश्वर, बसस्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. तिसऱ्या खेपेला, दिवस भरायच्या आतच मुलगी झाली. इतकी लहान, की पंजाबरावांच्या दोन तळव्यांत मावली. काही दिवस काचेच्या पेटीत ठेवली, वजन धरल्यावर घरी सोडली. नाव अजून ठेवायचं होतं. तोवर सगळे छकुलीच म्हणत. दवाखान्यातून निघताना सिस्टर म्हणाली होती, "मावशी, हिला सर्दी होऊ द्यायची नाही बरं का." शालूबाईंनी तेवढंच वाक्य पदराला बांधलं.

दिवस आषाढाचे होते. झड लागलेली. आभाळ उघडायचं नाव घेत नव्हतं, अंगणातला चिखल वाळत नव्हता, आणि ऊन म्हणजे काय ते लोक विसरून चालले होते. पंजाबरावांनी आदल्या दिवाळीलाच नवं घर बांधून काढलं होतं. स्लॅबचं, गुळगुळीत फरशीचं, सरकत्या काचांच्या खिडक्यांचं. आतल्या खोलीला लागूनच न्हाणीघर. गवंड्यानं विचारलं होतं, "भाऊ, वर झरोके ठेवू का?" तेव्हा पंजाबराव हसले होते, "काऊन बे? चिमण्या पाळायच्या हायेत का मले?"

त्या आतल्या खोलीत शालूबाईंनी लेकीची गादी टाकली. पोती खोचली, गोधडी टांगली, शेगडी पेटवली. न्हाणीत सकाळ-संध्याकाळ पाण्याचे हंडे उकळायचे आणि वाफ सगळी खोलीत यायची. त्यांना ती बरी वाटे, ऊब राहते. बाहेर काहीच वाळत नव्हतं म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी बांधून लंगोट, दुपटी, पूनमच्या साड्या खोलीतच वाळत घातल्या. दोरी भरून गेली, की पलंगाच्या काठावर, कपाटाच्या दारावर. कपडा वाळायचा नाही, नुसता थंड व्हायचा.

थोड्याच दिवसांत घरात काहीतरी बिघडत चाललं. स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटलं. आगपेटीची काडी ओढली की गुल नुसता पुसला जायचा. लाकडी दार फुगून चौकटीत बसेना. आतल्या खोलीतल्या भिंतीला सकाळी हात लावला तर हात ओला व्हायचा, आणि स्लॅबला थेंब धरलेले दिसायचे. पंजाबराव एकदा दारातून डोकावून म्हणाले, "अवं, भिंत घाम गाळून राह्यली. स्लॅब झिरपून राह्यला काय?"

"पावसाचे दिवस हायेत. भिंत ओली होईन नाई तं काय?" शालूबाई म्हणाल्या. "तुम्ही दार लावा पहिले. वारं येऊन राह्यलं."

पूनमला खोकला लागला. सुका, ढास लागणारा. मग छकुलीचं नाक बंद व्हायला लागलं. दूध ओढता ओढता ती मधेच सोडायची, तोंड उघडून श्वास घ्यायची, पुन्हा लागायची. शालूबाईंनी शेगडीत ओवा टाकला, निखारे वाढवले, पोती आणखी घट्ट खोचली. मांजराच्या घशासारखी घुरघुर त्या पोरीच्या छातीत जसजशी वाढत गेली, तसतशा शालूबाई खोली आणखी आणखी बंद करत गेल्या.

एका दुपारी त्या लंगोट पिळून आल्या, तर खोलीत उजेड. पूनमनं पोतं काढून काच सरकवली होती आणि पोरीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती.

शालूबाईंच्या हातातली बादली तिथंच आदळली. "काय करून राह्यली तू?"

"आई, मले गुदमरल्यावानी होते इथं. जरासं..."

"मरणाचा पाऊस बाहेर आणि तू खिडकी उघडते?" त्यांनी काच खाडकन लावली. "पोरगी जगवायची हाये का नाई तुले?"

शब्द तोंडातून गेला आणि शालूबाईंना तो ऐकू आला. दोन गर्भ गमावलेल्या लेकीला आपण काय बोललो हे त्यांना कळलं. पण परत घेता येईना. पूनम पोरीला छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. तिची पाठ हलत होती; खोकल्यानं की रडण्यानं, ते शालूबाईंनी जवळ जाऊन पाहिलं नाही.

ज्ञानेश्वरचा फोन आला. पूनमनं त्याला सांगितलं असणार. "मामी, मी गाडी घेऊन येतो. दोघींना मेहकरले आणतो. इथं दवाखाना जवळ हाये."

"जवाईबापू, सव्वा महिना व्हायच्या आत बाळंतीण हालवत नसतात," शालूबाई म्हणाल्या. "मी काय आजची करते का हे?" 'बरं,' म्हणून जावयानं फोन ठेवला. त्या 'बरं'चा त्यांना राग आला आणि भीतीही वाटली.

पुढे फार दिवस गेले नाहीत. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी शालूबाई पोरीला शेकायला बसल्या. दुपटं सोडलं आणि त्यांचे हात थांबले. पोरीच्या बरगड्यांखाली दर श्वासाला खड्डा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या. एवढी पोरं हाताखालून गेली, पण असलं पोट उडताना त्यांनी एकदाच पाहिलं होतं, आणि ते लेकरू राहिलं नव्हतं. त्यांनी तिला उजेडाकडे वळवलं. ओठांच्या कडा जांभळ्या दिसत होत्या.

"पूनम," त्या म्हणाल्या. "ऊठ. चप्पल घाल."

शेजारी बशीर राहायचा. त्याची जीप होती, बाजाराच्या दिवशी माणसं आणि माल दोन्ही न्यायचा. पंजाबरावांनी दारातूनच हाक मारली. बशीर जेवत होता. ताट सारून तसाच उठला. त्याची बायको नसीमा एक जाड शाल घेऊन पावसात पळत आली आणि पूनमच्या खांद्यावर टाकून म्हणाली, "जा बेटा, अल्ला बरं करते."

मेहकरच्या वाटेवर पाऊस आडवा मारत होता. पंजाबराव पुढं बसले, मायलेकी मागं. काचा सगळ्या बंद, आतून धुरकटलेल्या. पोरीचा श्वास मोजून मोजून ऐकू येत होता आणि मधेच ऐकू येत नव्हता. तसं झालं की पूनम तिच्या तळपायाला टिचकी मारायची. वाटेत एका नाल्याच्या रपट्यावरून, बिनकठड्याच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी चाललेलं. बशीरनं जीप थांबवली.

"बशीरभाऊ, थांबू नोका," पूनम म्हणाली.

"बेटा, पाण्याचा अंदाज तं घेऊ दे. गाडी वाहून गेली तं काय करता?" त्यानं उतरून पाण्यात काठी रोवली आणि पाहत उभा राहिला. पंजाबराव त्याच्यामागं उतरले.

जीपमध्ये तिघीच राहिल्या. पूनमनं आईकडे पाहिलं नाही. हात पुढं करून तिनं काच फिरवून निम्मी खाली केली. गार, धुतलेली हवा आत शिरली. शालूबाईंचा हात आपोआप काचेकडे गेला, आणि अर्ध्यातच थांबला. पोरीनं एक मोठा श्वास घेतला होता. मग दुसरा. घुरघुर होतीच, खड्डाही पडत होता, पण श्वासाला कुठंतरी वाट मिळाल्यासारखी वाटली. शालूबाईंनी हात मांडीवर परत घेतला आणि दाबून धरला. आयुष्यभर ज्या वाऱ्याला त्यांनी दाराबाहेर ठेवलं, तो त्यांच्या नातीच्या तोंडावरून जात होता.

पाणी थोडं उतरलं. बशीरनं बिस्मिल्ला म्हणून जीप घातली आणि काढली.

दवाखान्यात पोरीला लगेच आत घेतलं. नाकाला ऑक्सिजनची नळी लावली, वाफेचं औषध सुरू केलं. ज्ञानेश्वर दुकान तसंच टाकून धावत आला होता. तो सासूपासून लांब जाऊन बसला. बाकड्यावर चौघं बसली होती आणि मधे एका माणसाची जागा मोकळी राहिली होती.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वयानं पूनमहून थोड्या मोठ्या असतील. म्हणाल्या, "वेळेवर आणलंत. दोन दिवस जपावं लागेल. मला एक सांगा, बाळ ज्या खोलीत असतं, तिथं कपडे वाळत घालता का?"

शालूबाईच बोलल्या. "हाव."

"शेगडी?"

"हाव."

"भिंतीला ओल आहे? कुबट वास येतो?"

"वास..." शालूबाई अडखळल्या. "मले नाई आला."

"येते," पूनम खाली पाहत म्हणाली. "पहिल्या दिवसापासून येते."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. शालूबाईंना वाटत होतं त्यांनी रागवावं. त्या म्हणाल्या, "आजी, सर्दी कुठूनही लागू शकते, घरच्याच कुणाकडून. त्यात तुमचा दोष नाही. पण बंद खोलीत धूर, वाफ आणि बुरशी असली, की एवढ्याशा छातीला झेपत नाही. बाळाला ऊब कपड्यानं द्या, आईच्या अंगाशी धरून द्या. खोलीतली हवा मात्र हलती राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थोडा थांबला तेव्हा पूनमचे कपडे आणायला शालूबाई एकट्याच बसनं बीबीला आल्या. कुलूप काढलं, आतल्या खोलीची गोधडी बाजूला सारली, आणि दारातच थबकल्या. एक रात्र त्या बाहेरच्या हवेत राहिल्या होत्या, आणि आता तो वास त्यांच्या तोंडावर आला. ओल्या पोत्याचा, आंबलेल्या कपड्याचा, विझलेल्या धुराचा. इतके दिवस त्यातच राहून तो त्यांना कळलाच नव्हता.

त्यांनी पोतं ओढून काढलं. उजेड आला. मग कपाटाला खांदा लावून ते पुढं सरकवलं. मागची भिंत गुडघ्यापासून छातीपर्यंत काळी पडलेली होती. काजळाचे ठिपके दाट होत होत एक झालेले. कपाटात तळाशी लेकीसाठी शिवलेल्या गोधडीवर पांढरट लव उगवली होती. त्यांनी बोट लावलं, तर भुकटी उडाली. छकुली दोन हातांवर, याच भिंतीच्या पायथ्याशी निजायची.

शालूबाई फरशीवर बसल्या. सासूनं शिकवलेलं आठवायला लागलं. सासूही खोली बंद करायची, शेगडी पेटवायची, हेच सगळं. मग तेव्हा असं का झालं नाही? ते घर धाब्याचं होतं. मातीच्या भिंती, मातीचं छत, आणि छताच्या मधोमध हंड्याच्या तोंडाएवढं साणं, उजेडासाठी ठेवलेलं. धूर तिथून जायचा, वाफ तिथून जायची, भिंती ओल पिऊन घ्यायच्या आणि उन्हात सोडून द्यायच्या. दार-खिडकी बंद केली तरी ते घर बंद होत नव्हतं. आणि हे घर? सिमेंट, फरशी, काच. इथं खोली बंद केली म्हणजे डबीला झाकण लावलं. सासूचं चुकलं नव्हतं. घर बदललं होतं, आणि शालूबाईंनी ते पाहिलं नव्हतं. आणि लेक तोंडानं सांगत होती, तर तिलाच तसलं बोलून बसल्या होत्या.

त्या उठल्या. कपडे पिशवीत भरले, खोलीची दोन्ही दारं आणि खिडकी सताड उघडी टाकली आणि पंजाबरावांना फोन लावला. "गवंड्याले निरोप द्या. भिंती फोडायच्या हायेत."

"काय बोलून राह्यली? नवं घर हाये ते."

"म्हणूनच."

पुढचे दिवस घरात फावडं-घमेलं चालू राहिलं. समोरासमोरच्या भिंतींत, छताखाली, झरोके पाडले आणि त्यांना जाळी बसवली. काळी भिंत खरवडून, वाळू देऊन, चुन्याचा हात दिला. कपाट भिंतीपासून हातभर लांब ठेवलं. न्हाणीच्या खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा लावला, आणि मोठे हंडे मागच्या पडवीतल्या चुलीवर गेले. लंगोट वाळवायला पडवीतच पत्र्याखाली दोऱ्या, त्यावर एक पंखा, आणि शेवटी इस्त्रीचा हात. शेगडी शालूबाईंनी स्वतः उचलून अंगणात नेऊन ठेवली. पंजाबराव हे सगळं पाहत होते. एकदा म्हणाले, "आता पाऊस आत येईन त्या भोकांतून."

"पाऊस येत नाई. छज्जा हाये वर. आणि धो-धो पडला तं खिडकी लावू, उघडला का खोलू. खिडकीले कडी त्याच्यासाठीच असते."

छकुलीची नळी निघाली. घरी सोडायचा दिवस आला, आणि सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता, पोरीला न्यायचं बीबीला की मेहकरच्या घरी. ज्ञानेश्वरनं मेहकरच्या घरी खोली तयार करून ठेवली होती. शालूबाई दवाखान्याच्या जिन्याशी पूनमजवळ गेल्या.

"मी तुले घरी चाल म्हणत नाई," त्या म्हणाल्या. "तुह्या मनानं ठरव. फक्त..." त्यांनी जिन्याचा कठडा धरला. "त्या दिवशी मी जे बोलली, ते बोलाले नोको होतं. तू बरोबर होती."

पूनमनं पोरीच्या टोपडीची गाठ नीट केली. मग म्हणाली, "आता मी मेहकरलेच जातो, आई. माह्यात हिंमत नाई परत त्या खोलीत जायची."

शालूबाईंनी मान हलवली. त्यांना ते लागलं, पण त्यांनी दाखवलं नाही. ज्ञानेश्वरनं पिशव्या उचलल्या, दोन पायऱ्या उतरला आणि मागं वळून म्हणाला, "मामी, तुम्ही बी चाला ना. तिले न्हाऊ कोण घालीन? आम्हाले येते का ते?"

त्या गेल्या. लेकीच्या सासरी, दुसऱ्याच्या घरात, पावसाळा संपेपर्यंत राहिल्या. छकुलीला रोज पायांवर घेतलं, पण न्हाऊ झाल्यावर पहिलं काम त्यांचं ठरलेलं: न्हाणीचं दार ओढून घ्यायचं आणि खोलीची खिडकी सरकवायची. जावयानं ऑनलाइन मागवून एक लहानसं यंत्र भिंतीवर लावलं होतं, खोलीत ओल किती ते आकड्यात दाखवणारं. आकडा साठाच्या वर गेला की शालूबाई पंखा वाढवायच्या. पूनम नुसती पाहायची. एका सकाळी शालूबाई खिडकी उघडायला विसरल्या, तेव्हा पूनमच उठली, काच सरकवली आणि आईच्या शेजारी येऊन बसली. एवढंच. पण त्या दिवसापासून मायलेकींचं बोलणं पहिल्यासारखं सुरू झालं.

दिवाळीला छकुली आईबरोबर बीबीला आली, आतल्या खोलीत राहिली, आणि बरी राहिली. अजूनही पावसाळ्यात तिची छाती कधीमधी वाजते. श्वास मोकळा करणारं फवाऱ्याचं औषध पूनमच्या पर्समध्ये कायम असतं.

पुढच्या साली नसीमाची लेक झेबा बाळंतपणाला माहेरी आली आणि बशीरनं शालूबाईंना बोलावलं. त्या गेल्या, तर खिडकीला पोतं तयार होतं. नसीमाच्या सासूनं शालूबाईंच्याच रिवाजाप्रमाणे खोचलेलं. शालूबाईंनी ते काढलं. म्हातारी चिडली, "काऊन काढलं? तूच तं सांगत होती सगळ्या गावाले! अन् काही झालं मग?"

खोलीत दोन-चार बायका होत्या. सगळ्या पाहत होत्या. शालूबाईंना वाटलं, आता खाली मान घालून निघून जावं. पण झेबा पलंगावर खोकत होती.

"हाव, मीच सांगत होती," त्या म्हणाल्या. "माही नात मरता मरता वाचली त्याच्यानं. तुमच्या डोळ्यांदेखत बशीरनं नेली ना तिले? आता हे ऐका."

म्हातारीनं तोंड फिरवलं. नसीमानं मात्र पोतं उचललं आणि बाहेर नेलं. शालूबाई पदर खोचून कपाटामागच्या भिंतीवरून हात फिरवायला लागल्या.

गावात काही घरं आता त्यांना बोलावत नाहीत. शालूला डॉक्टरीणबाईनं भुलवलं, असं म्हणतात. जी बोलावतात, त्यांच्याकडे त्या तेलाची वाटी घ्यायच्या आधी न्हाणी पाहतात, दोरी पाहतात, आणि झरोका नसला तर घरमालकाशी वाद घालतात. पंजाबराव म्हणतात, आमची बाई आता बाळंतिणींपेक्षा गवंड्यांसंगंच जास्त बोलते.